बिनगव्हाचा डबा आणि आमची अमानत

आमच्या दुकानातून कापड नेऊन शिवून देणारे एक दर्जी भाई आहेत. त्यांचा मुलगा पंधरा वर्षांचा, नववीत शिकतो आणि तीन हजार मीटर पळतो. पहाटे साडेपाचला मैदान, तेथून शाळा, शाळेतून क्लास आणि संध्याकाळी पुन्हा मैदान. घरात मांडी घालून जेवण्याची त्याची वेळ म्हणजे रात्रीचे नऊ. बाकी सर्व खाणे पाठीवरच्या पिशवीतले. दोन वर्षे हा मुलगा खंगत होता. पोट फुगायचे, रक्त कमी, दोन फेऱ्यांत दम लागायचा. जंतांचे औषध झाले, लोहाच्या गोळ्या झाल्या, नजर लागली म्हणून दम करणेही झाले. शेवटी एका डॉक्टरांनी रक्ताची वेगळी तपासणी करून घेतली, मग दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा तपासला आणि सांगितले, याला सिलियाक आहे, गहू आणि जव आयुष्यभर बंद.

दर्जी भाई त्याच दिवशी दुकानात येऊन बसले. ‘सेठ, गेहूँ बंद तो बच्चा खाएगा क्या?’ आम्हाला खरे तर हसू आले. बीडच्या माणसाने हा प्रश्न विचारावा! या जिल्ह्यात आमच्या वडिलांच्या पिढीने गव्हाची रोटी पाहिली ती ईदला, लग्नात आणि पाहुणा आला तर. रोजचे पोट भरले ते ज्वारीने आणि बाजरीने. आम्ही त्यांना म्हटले, ‘भाई, जे आपले दादा-परदादा खात होते तेच खाऊ घाला, यात काळजी कसली?’ पुढच्या दोन महिन्यांत जे घडले, त्यावरून आमचे हसणे घाईचे होते असे दिसून आले. व्यापारी आणि कारागीर बंधूंसाठी हा विषय येथे मांडत आहोत तो त्यामुळेच.

प्रथम हा रोग काय ते थोडक्यात. गव्हात ग्लुटेन नावाचे एक प्रथिन असते. कणीक मळली की ताणली जाते, तुटत नाही, ती यामुळे. आमच्या भाषेत सांगायचे तर ग्लुटेन हा पिठाचा ताणाबाणा आहे. मैद्याचा पाव फुगतो तो या विणीत हवा अडकते म्हणून. ज्वारीच्या पिठाला ही वीणच नाही, म्हणून भाकरी लाटता येत नाही, गरम पाण्यात मळून थापावी लागते. सिलियाक असलेल्या माणसाच्या शरीराला ग्लुटेन शत्रू वाटते. त्याच्याशी लढताना शरीर स्वतःच्याच आतड्याचे अस्तर झिजवते. मग खाल्लेले अंगी लागत नाही आणि लोहाच्या गोळ्याही वाया जातात. त्यावर औषध नाही, ग्लुटेन बंद करणे हाच उपाय. गहू, जव आणि राय या तीन धान्यांत ते असते. ज्वारी, बाजरी, तांदूळ, मका, नाचणी, राजगिरा यांत नसते.

गव्हाचा हा दोष शोधला तो हॉलंडच्या विलेम डिके या बालरोगतज्ज्ञांनी. 1944-45 च्या हिवाळ्यात महायुद्धामुळे तेथे पाव मिळेनासा झाला, लोक उपासमारीने मरत होते, आणि त्याच काळात या रोगाची मुले मात्र सुधारत होती. युद्ध संपून पाव परत आला, मुले पुन्हा आजारी पडली. डिके यांना गव्हाचा संशय आधीपासून होता, तो येथे पक्का झाला. आपल्या देशात हा रोग उत्तरेकडे, जेथे गहू रोज खाल्ला जातो, तेथे जास्त आढळला आहे.

याच जोडीने एक फॅशनही आली आहे. सर्बियाचा टेनिसपटू नोव्हाक जोकोविच याने गहू सोडला, 2011 साली तो जगात पहिल्या क्रमांकावर पोहोचला आणि 2013 साली त्याने आपल्या आहारावर पुस्तकच लिहिले. तेव्हापासून मोठ्या शहरांत ‘ग्लुटेन फ्री’ हे शब्द छापले की बिस्किटाची किंमत तिप्पट होते. येथे आमचे मत स्पष्ट आहे. ज्याला हा रोग किंवा गव्हाची वावडी नाही, त्या खेळाडूला गहू सोडून जास्त वेग येत नाही. गहू विष आहे असे सांगून ज्वारी विकणारा व्यापारीही ग्राहकाला फसवतोच. आपल्या किती घरांची रोजी नान, पाव, खारी आणि शेवयांवर चालते हे आम्हाला माहीत आहे. प्रश्न ज्यांना खरोखर गहू चालत नाही त्यांचा आहे, आणि त्यात वाढत्या वयाचा, दिवसातून दोनदा पळणारा मुलगा असेल तर त्याचा डबा हा घरचा सर्वांत अवघड प्रश्न होतो.

बीड जिल्हा खेळाडूंचा आहे. आष्टी तालुक्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे लहानपणी शाळेसाठी सहा किलोमीटर चालत, पळत जात असे. पुढे फौजेत गेला. 2022 मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये त्याने रौप्यपदक घेतले आणि 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. पाटोद्याच्या राहुल आवारेने 2018 मध्ये गोल्ड कोस्टला कुस्तीचे सुवर्ण आणले. आष्टी, पाटोदा, शिरूर हा सारा कोरडवाहू, बालाघाटच्या माथ्याचा मुलूख, ज्वारी-बाजरीचा. आणि बरोबर बांधून नेण्याच्या बिनगव्हाच्या जेवणाचे नाव घ्यायचे तर आमच्या ऊसतोड मजुरांच्या भाकरीचे घ्यावे लागेल. अंधारात उठून बाई भाकरी थापते, फडक्यात बांधते, ठेचा आणि कांदा बरोबर घेते आणि फडात जाते. दिवसभर कोयता चालवण्याचे बळ त्यातून येते. ग्लुटेन हा शब्द तिच्या कानावर कधी पडलेला नाही.

एक गोष्ट बदलली आहे. पूर्वी ज्वारी गरिबाची आणि गहू श्रीमंताचा. सरकारने 2025-26 साठी जाहीर केलेली किमान आधारभूत किंमत पाहा: गहू क्विंटलला 2425 रुपये, बाजरी 2775 आणि मालदांडी ज्वारी 3749. रेशनवर गहू-तांदूळ मिळतो, शेतात सोयाबीन आणि कापूस आला, आणि दर्जीच्या घरात रोज ज्वारीची भाकरी करणे ही चैन होऊन बसली. संयुक्त राष्ट्रसंघाने 2023 हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले. भाकरीचे कौतुक झाले ते बरे झाले, पण दर्जी भाईंच्या डब्यात त्याने काही पडले नाही.

आता डब्याकडे येऊ. पहिल्या महिन्यात आईने रोज भाकरी दिली. सकाळी सहाला केलेली भाकरी दुपारी दोनला कडक होते, घास तुटत नाही. स्टीलच्या डब्यात गरम कोंबली तर वाफेने घामेजते आणि एप्रिलच्या उन्हात वास मारते. येथे कापडवाल्याचे थोडे ज्ञान कामी आले. आम्ही त्यांना मऊ सुती कापडाचे चार रुमाल फाडून दिले. भाकरी तव्यावरून उतरवून थोडी निवू द्यायची, सुती फडक्यात गुंडाळायची आणि मग डब्यात ठेवायची. सुती कापड वाफ पिते आणि भाकरीला कोरडे पडू देत नाही. पॉलिएस्टरमिश्रित कापड हे काम करत नाही, ते पाणी परत भाकरीवरच सोडते. फडके मात्र चपातीचे नको, वेगळे हवे. ते का, ते पुढे येईलच.

शिवाय पळणाऱ्या मुलाला एका वेळी पोटभर जेवून चालत नाही. थोडे थोडे, पाच-सहा वेळा हवे आणि ते उभ्या उभ्या, एका हाताने खाता आले पाहिजे. हळूहळू त्या माउलीने असे बसवले. मैदानावर जाण्यापूर्वी तीन खजूर आणि पाणी. पळून आल्यावर दोन उकडलेली अंडी, केळे आणि गुळात घोळलेल्या ज्वारीच्या लाह्या. शाळेच्या मधल्या सुट्टीत बाजरीची तीळ लावलेली जाड भाकरी, तिच्यावर शेंगदाण्याची चटणी आणि तूप, चार तुकडे करून. जेवणात कधी खिचडी, कधी भाकरी आणि शामी कबाब. शामीला हरभऱ्याची डाळ बांधून ठेवते, पावाचा चुरा घालण्याची गरज नाही. क्लासच्या आधी फुटाणे, शेंगदाण्याची चिक्की किंवा बाजरीच्या खारोड्या. बाहेरगावी स्पर्धा असेल तर पहिल्या दिवसासाठी भाकरी आणि पुढच्या दिवसांसाठी राजगिऱ्याचे लाडू व सोलापूरकडची कडक भाकरी. ती पापडासारखी वाळवलेली असते, कित्येक दिवस टिकते आणि चुरून दुधात किंवा आमटीत खाता येते. उन्हाळ्यात बिर्याणी डब्यात देऊ नका असे डॉक्टरांनी बजावले. तांदळात ग्लुटेन नाही, पण चार तास उन्हात राहिलेले मांस आणि भात दुसरेच दुखणे आणतील.

मुलगा सुधारू लागला. वजन वाढले. पण एका गोष्टीचे त्याला दुःख होते, ते त्याने बापाला सांगितले नाही, आम्हाला सांगितले. बाकीची मुले सरावानंतर टपरीवर जातात. समोसा, वडापाव, खारी, बिस्कीट. हा आपला भाकरीचा तुकडा काढतो आणि मुले हसतात. त्याला पाकिटातले काहीतरी हवे होते, दुसऱ्यांसारखे. पंधरा वर्षांचा आहे तो, साहजिकच आहे.

आमच्या ओळखीच्या एका बेकरीत ज्वारीची बिस्किटे नव्याने आली होती. पाकिटावर ‘बिनगव्हाचे, ग्लुटेन फ्री’ असे छापले होते. बापाने आनंदाने दोन पाकिटे नेली. विभागाच्या स्पर्धेसाठी छत्रपती संभाजीनगरला जायचे होते, ती पाकिटे पिशवीत गेली. मुलाने आदल्या दिवशी आणि त्या सकाळी मिळून दीड पाकीट खाल्ले. मैदानावर पोहोचला तो पोट धरून. शर्यत तर दूरच, चार दिवस अंथरुणात होता. ज्या शर्यतीसाठी वर्षभर पहाटे उठला ती दुसऱ्या मुलांनी पळली.

आम्ही बेकरीवाल्याकडे गेलो. भांडायलाच गेलो होतो. त्या माणसाने आम्हाला आत नेले, ज्वारीच्या पिठाचे पोते दाखवले आणि म्हणाला, ‘सेठ, गेहूँ का एक दाना नहीं डाला, कसम से.’ तो खोटे बोलत नव्हता. पण आम्ही आजूबाजूला पाहिले. त्याच टेबलावर सकाळी पावाचा मैदा मळलेला. तेच पत्रे, तोच ब्रश, तीच चाळणी. हवेत मैद्याची धूळ, ती तासन्‌तास खाली बसत नाही. आणि ज्वारी दळून आणली ती मोहल्ल्याच्या गिरणीतून, जेथे आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू दगडात राहिलेला असतो. आपण सर्वच गिरणीत सांगतो, ‘गव्हावर दळ’ किंवा ‘ज्वारीवर दळ’. सांगतो म्हणजे मिसळते हे आपल्याला माहीत आहे. इतर गिऱ्हाइकांना त्या मूठभर पिठाने काही होत नाही. या मुलाला चार दिवस अंथरूण.

आमच्या धंद्यात भेसळ पकडता येते. ‘प्युअर कॉटन’ म्हणून कोणी ताका आणला तर आम्ही एक सूत काढून काडी लावतो. सूत कागदासारखे जळून राख झाले तर कापूस, वितळून टोकाला कडक मणी झाला तर पॉलिएस्टर. धान्याच्या ढिगाची हदीस आपल्या प्रत्येक व्यापाऱ्याने ऐकली आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात ढिगात हात घातला, आत ओल लागली, आणि ओले धान्य वर का ठेवले नाही असे त्यांनी विकणाऱ्याला विचारले. तेथे हाताला ओल तरी लागत होती. पिठातले ग्लुटेन हाताला लागत नाही, डोळ्याला दिसत नाही, जिभेला कळत नाही. गिऱ्हाईक संपूर्णपणे विकणाऱ्याच्या शब्दावर असते. अमानत म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

बेकरीतच नव्हे, इतरत्रही हे लपलेले असते, आणि ते व्यापाऱ्याला माहीत असायला हवे. डबीतल्या हिंगात बहुधा मैदा मिसळलेला असतो. येसरात अनेक घरी गहू भाजून घालतात, धपाट्यात आणि थालीपिठाच्या भाजणीतही. चायनीज गाड्यावरच्या सोया सॉसमध्ये गहू असतो. दुधात घालायच्या ताकदीच्या पावडरींमध्ये माल्ट असते, म्हणजे जवच. तलबीना सुन्नत म्हणून मुलाला प्रेमाने दिला जातो, पण तोही जवाचा, या मुलाला तो चालणार नाही. हलीम आणि खिचडा यांत गहू हे तर उघड आहे. रमजानमध्ये हा मुलगा इफ्तारला समोसा खात नाही, बेसनाची भजी खातो. पण ज्या कढईत समोसे तळले त्याच तेलात भजी तळली तर उपयोग काय? आमच्याच मशिदीत ही चूक झाली आणि वाढणाऱ्यात आम्ही होतो.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणे ‘ग्लुटेन फ्री’ लिहायचे तर एक किलो मालात ग्लुटेन 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. म्हणजे पन्नास किलोच्या पोत्यात एक ग्रॅम. हे डोळ्याने ठरत नाही, प्रयोगशाळेतच ठरते. गहू नसणे ही एक गोष्ट आणि ग्लुटेन फ्री असणे ही दुसरी. म्हणून आमचे म्हणणे असे की ज्याच्याकडे वेगळी जागा, वेगळी गिरणी आणि तपासणीचा कागद नाही, त्याने पाकिटावर फक्त ‘ज्वारीचे बिस्कीट’ लिहावे आणि खाली लिहावे, ‘येथे गव्हाचे पदार्थही बनतात’. तेही मराठीत आणि जमल्यास उर्दूत, मोठ्या अक्षरांत. आम्ही उर्दू शाळेत शिकलो. पाकिटामागचे मुंगीच्या पायाएवढे इंग्रजी वाचायला आम्हाला आजही नातवाला हाक मारावी लागते. दर्जी भाईंचे काय होत असेल?

असे लिहिल्याने विक्री कमी होईल ही भीती निराधार आहे. ज्वारी खाणाऱ्यांत सिलियाकचे रोगी थोडे. साखरेचे रोगी, वसतिगृहातील मुले, शहरात नोकरीला गेलेले आपलेच लोक, ज्यांना भाकरी थापायला वेळ नाही, असे गिऱ्हाईक पुष्कळ आहे. त्यांना ज्वारी हवी आहे, ‘फ्री’ हा शब्द नको आहे. करही हलका झाला आहे. किमान 70 टक्के भरडधान्य असलेले मिश्र पीठ सुटे विकले तर जीएसटी नाही आणि नाव छापून पाकीटबंद विकले तर 5 टक्के, असे ऑक्टोबर 2023 मध्ये ठरले. आधी त्यावर 18 टक्के होता. सप्टेंबर 2025 मध्ये बिस्किटे आणि नमकीनही 5 टक्क्यांवर आली.

आणि ज्याला खरोखर या रोग्यांसाठी माल बनवायचा आहे, त्याने बेकरीपासून सुरुवात करू नये असे आम्हाला वाटते. ज्वारीचे बिस्कीट हा अवघड माल आहे. वीण नसल्याने ते भुसभुशीत होते, मोडते, मग कोणीतरी मूठभर मैदा घालण्याचा सल्ला देतो. आणि बाजरीच्या पिठात तेल जास्त असल्याने ते आठवड्यात कडवट होते, साठवून चालत नाही. त्यापेक्षा ज्या धंद्यात गहू कधी शिरतच नाही तेथून सुरुवात करावी. चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, फुटाणे, ज्वारीच्या लाह्यांचा चिवडा, खारोड्या. फुटाण्याची आणि चुरमुऱ्याची भट्टी चालवणारी कुटुंबे आपल्या जिल्ह्यात आहेत. त्यांच्या भट्टीत वाळू आणि मीठ असते, मैदा नसतो. ती त्यांची दौलत आहे आणि त्यांना ते ठाऊक नाही. लाह्या, गूळ, शेंगदाणे आणि थोडे मीठ, दहा रुपयांचे छोटे पाकीट, खिशात मावणारे. मैदानावरच्या कोणत्याही मुलाला ते हवेसे वाटेल आणि आमचा हा मुलगा त्यांच्यात बसून खाऊ शकेल.

पैसा कोठून येणार, हा प्रश्न रास्त आहे. एका छोट्या गिरणीचा आणि पाकीट बंद करण्याच्या यंत्राचा खर्च दोन-तीन कारागिरांनी मिळून करता येतो. बिनव्याजी, भागीत. आपल्याकडे मुदारबा आणि शिर्कतवर बयान पुष्कळ होते, हिशेबाची वही उघडून बसणारे थोडे. कापडवाल्यांनी भांडवल घालावे आणि भट्टीवाल्यांनी मेहनत, नफा ठरल्याप्रमाणे. आम्ही आमच्या हिश्श्याची तयारी दाखवली आहे.

बेकरीवाल्याने ती पाकिटे दुसऱ्या दिवशी दुकानातून काढली. जुन्या छपाईचे दोन हजार कागद त्याच्याकडे पडून होते. त्या दोन शब्दांवर तो काळ्या शाईचा शिक्का मारत बसला होता, आम्ही जाताना पाहिले. त्याने दर्जी भाईंच्या घरी जाऊन माफीही मागितली, आणि मुलाने बापाच्या आधी त्याच्यापुढे पाणी ठेवले.

भट्टीवाल्यांनी बशीरगंजकडे एक खोली पाहिली आहे. तेथे पूर्वी कापसाच्या गाद्या भरत, म्हणजे मैद्याचा संबंध नाही. भाड्याचा सौदा अजून अडला आहे, घरमालक तीन महिन्यांची पगडी मागतो. मुलाची पुढची शर्यत थंडीत आहे. खोली मिळो न मिळो, त्या दिवसापुरत्या लाह्या घरच्या चुलीवर फोडायच्या असे त्याच्या आईने ठरवले आहे, आणि त्यासाठी तिने आमच्याकडून आणखी दोन सुती फडकी नेली.